नानांचा कॅन्डी लाल

नाना, परवा तुमची मुलगी वर्कशॉपमध्ये आली होती. मंदाताईला तुम्ही इथे कधी आणलंच नव्हतं, त्यामुळे सेक्टरचा नंबर सांगूनही ऑटोवाल्याने तिला दोनदा भलतीकडेच नेलं. शेवटी मी पेट्रोल पंपापर्यंत चालत जाऊन तिला घेऊन आलो. ती दारातच थबकली. थिनरच्या वासाने तिने पदर नाकाशी नेला आणि आपलं काहीतरी चुकलं अशा चेहऱ्याने लगेच खाली सोडला.

"दिगूदादा," ती म्हणाली, "बाबा इथे नक्की काय करायचे हो?"

मला सांगता येईना. दाखवायला तरी काय होतं? तुम्ही आणि मी मिळून जे काही रंगवलं ते सगळं रस्त्यांवर फिरतंय. कुणाची टाकी गुडगावात असेल, कुणाचं मडगार्ड गाझियाबादला, काही गाड्या भंगारातही गेल्या असतील. तुम्ही कधी फोटो काढू दिले नाहीत. म्हणायचात, "फोटोत कॅन्डी येत नाही, नुसता लाल येतो." तेव्हा मला ते पटायचंही.

मी तिला नमुन्याचे पत्रे दाखवले. चंदेरी बेसवर लालचा एक हात, शेजारी दोन हात, असे आठपर्यंत. तिने एकेक पत्रा खिडकीशी धरून पाहिला.

"छान आहे," म्हणाली. आणि पत्रा उलटा करून बघत, "एवढंच?"

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पंचवीस वर्षं बाप दिल्लीत राहिला, वर्षातून एकदा गावी यायचा, आठ दिवस ओसरीवर बसून परत जायचा. तो इथे कशासाठी राहिला, हे तिला समजून घ्यायचं होतं. मी एक पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून तिला दिला. तुमच्या अस्थींच्या पिशवीशेजारी तिने तो बॅगेत ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीने साताऱ्याकडे गेली. तिला जे सांगता आलं नाही ते आता तुम्हालाच सांगत बसलोय.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत होती की नाही, मला माहीत नाही. माझा सिव्हिल सर्व्हिसचा शेवटचा प्रयत्न फसला, त्या दिवसाची गोष्ट. परभणीकडच्या एका खेड्यातून मी सहा वर्षांपूर्वी दिल्लीत आलो होतो. राजेंद्रनगरच्या खोलीत आम्ही तिघे राहत होतो. त्यातल्या एकाचं नाव यादीत आलं होतं आणि खोलीत पेढे वाटले जात होते. मी पेढा खाल्ला, चपला घातल्या आणि चालत सुटलो. करोल बागेत मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानांमागच्या गल्लीत एक माणूस तारेला टांगलेल्या पेट्रोलच्या टाकीवर रंग मारत होता. टाकी चंदेरी होती. त्याने रंग फवारायची गन फिरवली आणि ती फिकट गुलाबी झाली. मला वाटलं, रंग पातळ झालाय, बिघडलं काम. तो माणूस बसून राहिला. पुन्हा उठून त्याने एक हात दिला, तशी ती थोडी लाल झाली. पुन्हा बसला. मी तिथून हललो नाही. पाचव्या-सहाव्या हाताला त्या टाकीत असा काही लाल उतरला की आतून कुणी दिवा लावलाय असं वाटावं. खालची चांदी त्यातून दिसत होती.

"थांब की जरा, वाळू दे," तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"आधी बाजूला हो. सावली पडतीय."

हे तुमचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी बाजूला झालो आणि पुढची दोन वर्षं रोज येत राहिलो.

तुम्ही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला होतात. वीस वर्षं फौजेच्या गाड्यांना एकच हिरवा मारला, असं सांगायचात. "हिरवा, खाकी, परत हिरवा. डोळे आंबून गेले." निवृत्तीनंतर एका पोराने परदेशी मासिकातलं मोटारसायकलचं चित्र दाखवून 'ऐसा कर दोगे?' विचारलं आणि तुम्ही गावाकडचं तिकीट रद्द केलं. तो रंग, कॅन्डी, तेव्हा इथे तयार मिळत नव्हता. गिऱ्हाइकाला समजवायला तुम्ही टॉफीचा रंगीत पारदर्शक कागद चांदीच्या वर्खी कागदावर ठेवून दाखवायचात. "नीचे चाँदी, ऊपर शीशे जैसा रंग. बस." आणि मग तो रंग मिळवण्यासाठी तुम्ही काय काय विरघळवलंत! शिक्क्यांची शाई, चामड्याचा रंग, कापडाचा रंग. काही क्लिअरमध्ये, म्हणजे बिनरंगी लॅकरमध्ये, फाटायचे, काहींचा गाळ बसायचा. जे जमले त्यांचा दाट अर्क करून तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवलात. क्लिअर लॅकरमध्ये त्यातले थेंब टाकायचे, जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळायचं, त्यात स्टीलचा चमचा बुडवायचा आणि उन्हात धरायचा. एक डोळा मिटून तुम्ही चमच्याकडे बघायचात. "अजून दोन थेंब," म्हणायचात. दोन म्हणजे दोनच.

मी परीक्षेच्या सवयीने वही घातली. किती क्लिअर, किती थेंब, किती हात, गन किती लांब. तुम्ही वहीला हसायचात. "कलेक्टरसाहेब, हाताचा वेग कुठल्या रकान्यात लिहिणार?" कॅन्डीची खोड हीच होती. साधा रंग जाड पडला काय, पातळ पडला काय, रंग तोच. कॅन्डीत मात्र हात जिथे रेंगाळला तिथे काळपट पट्टा, जिथे घाई झाली तिथे गुलाबी डाग. नंतर ओरखडा पडला तर ठिगळ लावता येत नाही, अख्खी टाकी खरवडून पहिल्यापासून सुरू करावी लागते. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि सगळं खरवडून पहिल्यापासून सुरू करणं मला चांगलंच ठाऊक होतं. त्यामुळे असेल, मला ते काम जमलं.

भांडणही तिथूनच सुरू झालं. तुमचा लाल उन्हात उडायचा. वसंत विहारातल्या एका डॉक्टरांची गाडी वर्षभर अंगणात उभी होती, ती परत आली तेव्हा टाकीची वरची बाजू वाळलेल्या गुलाबासारखी झाली होती. तोवर बाजार खुला झाला होता आणि करोल बागेत बाहेरचे टिंटर, म्हणजे तयार रंगाचे अर्क, यायला लागले होते. त्यांच्यातलं पारदर्शक पिगमेंट उन्हात टिकायचं. मी म्हटलं, "नाना, आता हेच वापरू."

तुम्ही दोन चमचे बुडवले. एक तुमच्या अर्कात, एक माझ्या पिगमेंटमध्ये. "बघ. तुझा टिकेल. पण त्यात खोली नाही."

"गिऱ्हाईक खोली बघत नाही. रंग उडाला की शिव्या घालतं."

"मग बघायला शिकव त्याला."

आपण यावर इतक्या वेळा भांडलो की शेजारचा सीटकव्हरवाला सरदारजी म्हणायचा, "मराठी में लड़ते हो तो पता ही नहीं चलता कौन जीता." कुणीच जिंकलं नाही, नाना. मी पिगमेंटच वापरत आलो आणि प्रत्येक वेळी तुमचा चमचा आठवून मनातून खट्टू होत आलो.

आता आप्पांचं. माझे वडील, गावच्या शाळेत मास्तर. त्यांना मी दोन वर्षं पत्रांतून थापा मारत होतो. अभ्यास चालू आहे, या वेळी पेपर बरे गेलेत, निकालाची वाट बघतोय. तुम्हाला हे माहीत होतं. एकदाच म्हणालात, "मास्तरांना लिही बाबा खरं." मी लिहितो म्हणालो आणि लिहिलं नाही.

मग आप्पा हरिद्वारच्या यात्रेहून परतताना न कळवता दिल्लीत उतरले. खोलीवर गेले. तिथल्या मुलाने त्यांना दुकानाचा पत्ता दिला. मी त्या दिवशी नोएडाला एक गाडी पोचवायला गेलो होतो. परत आलो तेव्हा आप्पा तुमच्या स्टुलावर बसले होते, धोतर सावरून, मांडीवर टोपी. समोर चहाचे दोन रिकामे कप. तुम्ही खाली पोत्यावर बसला होतात. तीन तास तुम्ही दोघे बोलत होतात, सरदारजीने नंतर सांगितलं.

आप्पांनी माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत लाल होता.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

बाकी काही नाही. मी त्यांना स्टेशनवर सोडलं. गाडी हलताना म्हणाले, "थंडीचं जप." मी प्लॅटफॉर्मवरून तडक तुमच्याकडे आलो.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं सांगायला?"

"त्यांनी विचारलं. मी सांगितलं."

"मी सांगणार होतो!"

"कधी, दिगू?"

त्यावर मी ओरडायलाच लागलो. काय काय बोललो ते आता लिहवत नाही. एक वाक्य मात्र लिहितो, कारण ते मी परत घेतलं नाही. मी म्हणालो, "तुमची स्वतःची मुलगी तुम्हाला ओळखत नाही, आणि तुम्ही दुसऱ्याच्या बापाशी बोलायला निघालात." तुम्ही गनचा नोझल थिनरमध्ये धूत होतात. धूतच राहिलात. मी वही उचलली आणि निघालो.

नोएडात तेव्हा नव्या गाड्यांच्या शोरूम उघडत होत्या. एका बॉडीशॉपमध्ये मला लगेच काम मिळालं. तिथे रंग संगणक सांगायचा. कोड टाका, वजन करा, ढवळा. चमचा नाही, ऊन नाही. पांढरे कोट, एसी केबिन. दुपारचा डबा मी एकटा खायचो, कारण सगळ्यांच्या गप्पा हिंदीत चालायच्या. मला हिंदी येत नव्हती असं नाही, पण दिवसभरात एकदाही मराठी तोंडात न आल्याने तोंडाला कसलीच चव राहिली नव्हती.

आणि मग आप्पांचं पत्र आलं. त्यांनी ते खोलीच्या पत्त्यावर पाठवलं नव्हतं. दुकानाच्या पत्त्यावर, 'द्वारा' तुमचं नाव घालून पाठवलं होतं. तुम्ही तो पत्ता खोडून तुमच्या वाकड्या अक्षरांत माझा नोएडाचा पत्ता लिहिला होता. तो तुम्ही कुठून मिळवलात देव जाणे. आत नेहमीचंच होतं, पाऊसपाणी, म्हशीचं वेत, आईचे गुडघे. परीक्षेबद्दल एक अक्षर नाही. दर महिन्याला असं एक पत्र येत राहिलं. दर वेळी त्यांच्या वळणदार अक्षरांवर तुमची आडवी रेघ आणि खाली तुमचे गिचमिड शब्द. तुमची चिठ्ठी कधीच नव्हती त्यात. मीही त्या पत्रांना उत्तर देताना तुमचा विषय कधी काढला नाही. दोन वर्षं आपलं एवढंच बोलणं होतं.

मग एका सकाळी तुम्ही स्वतःच बॉडीशॉपच्या फाटकात उभे दिसलात. खांद्यावर पंचा, हातात तार. ती पोस्टाने पुढे पाठवायला वेळ लागला असता, म्हणून दोन बस बदलून तुम्ही आलात. आप्पा गेले होते.

स्टेशनपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर बसमध्ये होतात. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. शेतं होती, मध्येच अर्धे बांधलेले टॉवर होते, पुन्हा शेतं. तुम्ही घसा खाकरलात.

"तुझे आप्पा त्या दिवशी म्हणाले होते..."

"नाना, आत्ता नको."

तुम्ही लगेच गप्प झालात. मला गाडीत जागा करून दिलीत, एका फौजी पोराला सांगितलंत 'लड़के का ध्यान रखना', आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीचे गज धरून उभे राहिलात.

मी गावाहून परतल्यावर थोड्याच महिन्यांत प्रदूषणामुळे गल्ल्यांतली रंगकामं शहराबाहेर हलवायची ठरली. तुमचं दुकान बंद झालं. तुम्ही गन, कॉम्प्रेसर आणि बाटल्यांचं खोकं टेम्पोत घालून माझ्याकडे आलात. मी तोवर नोकरी सोडून नोएडातच ही शेड भाड्याने घेतली होती. तुम्ही आत नजर टाकलीत.

"ऊन कुठल्या बाजूने येतं?"

"पश्चिमेकडून."

"मग चालेल."

माफी ना तुम्ही मागितलीत, ना मी. त्यानंतर आठ वर्षं रोज दुपारी आपण समोरासमोर बसून डबा खाल्ला. तुम्ही माझ्या भाजीला नावं ठेवलीत, मी तुमच्या पंच्याला. चांगला मास्क आणून दिला तर तुम्ही तो खिळ्याला टांगून ठेवलात आणि ओला पंचाच तोंडाला बांधत राहिलात. फौजेत कुणी मास्क दिला नव्हता, तरी जगलो, म्हणायचात. मी रागवायचो, आणि मग आपण रंग मारायला लागायचो.

आठ वर्षं, नाना. कुठल्याही दुपारी विचारता आलं असतं. पोळीचा तुकडा मोडता मोडता, 'आप्पा काय म्हणाले होते हो त्या दिवशी?' एवढंच. तुम्ही पुन्हा विषय काढणार नाही हे मला कळत होतं, तो तुमचा स्वभाव नव्हता. 'आत्ता नको' म्हटलं म्हणजे पुढचा हुकूम येईपर्यंत थांबायचं, फौजेसारखं. हुकूम मी द्यायचा होता. मी घाबरत होतो. त्यांना माझी लाज वाटली असेल तर? पोरगा वाया गेला, असं ते तुमच्यापाशी बोलले असतील तर? म्हणून टाळलं. आणि टाळताना मनात हेही होतं की कधीतरी विचारू, नाना काय कुठे पळून चाललेत.

हॉस्पिटलमध्ये तुमच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो मात्र तुम्ही काढायला धडपडत नव्हतात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी जरा हुशारी वाटली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी वाकलो, तुमच्या कानाशी गेलो, आणि विचारलं, "पाणी हवं का?" तुम्ही मान हलवलीत. नको. मी सरळ होऊन बसलो. पहाटे तुम्ही गेलात. माझ्याबद्दल दोन माणसं तीन तास बोलली होती, आणि त्यातलं एक अक्षरही आता मला कुणी सांगणारं नाही.

स्मशानात आम्ही पाच जण होतो. सरदारजी करोल बागेहून आला. म्हणाला, "अब तू किस से लड़ेगा?"

अजून एक काम राहिलं होतं, ते सांगतो. ते आज पुरं झालं.

सतबीरची टाकी. तुमच्या लक्षात असेल, शेवटच्या आठवड्यात आलेला. सेक्टरसाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांतल्याच एका गावचा, मिशीवाला, जुन्या फटफटीचा शौकीन. पूर्वी तुमच्याकडूनच करून घेतलेला लाल पार उडून फिका झाला होता, तरी तोच हवा म्हणून आला. मी त्याला पिगमेंटचं सांगायला लागलो तर म्हणाला, "ना भाई, ताऊ वाला ही. उड़ जाएगा तो फिर आ जाऊँगा." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी मुकाट्याने उठून कॉम्प्रेसर सुरू केला. तुम्ही तीन हात दिलेत. मग "जरा दम घेतो" म्हणून स्टुलावर बसलात, आणि तिथूनच मी तुम्हाला हॉस्पिटलात नेलं.

अठरा दिवस टाकी वर्तमानपत्राखाली टांगलेली होती. कागद काढला तेव्हा ती धड गुलाबी नव्हती, धड लालही नव्हती. शहाणपणाचं काम एकच होतं. खरवडायची आणि चंदेरी बेसपासून पुन्हा सुरू करायचं. तुमचा हात वेगळा, माझा वेगळा. वर दुसऱ्याचे हात चढवले की फरक पडणार. मी पाणी घेतलं, सँडपेपर भिजवला, टाकी मांडीवर घेतली. तासभर तशीच घेऊन बसलो. मग सँडपेपर बाजूला ठेवला.

तुमच्या बाटलीत अर्क पुरेसा होता. चमचा बुडवला, दारात उन्हात धरला. एक डोळा मिटून बघितलं. दोन थेंब कमी वाटले, ते टाकले. खिळ्यावरचा मास्क घातला. चौथा हात दिला, वाळू दिला. पाचवा दिला. गन नेहमीपेक्षा हळू चालतेय हे जाणवत होतं, मी तुमच्या चालीने चालवू बघत होतो. ती मला येत नाही. सहावा दिला आणि थांबलो. वरून क्लिअर मारला.

आज दुपारी सतबीर आला. तुमचं त्याला कळलं होतं. त्याने आधी तुमच्या रिकाम्या स्टुलाला हात लावून नमस्कार केला, मग टाकीकडे वळला. बोटाने वरून नुसता स्पर्श केला.

"वही है," म्हणाला. "बिल्कुल वही."

मी म्हटलं, "वही नहीं है. तीन हाथ उनके हैं, तीन मेरे. फ़र्क़ दिखेगा. बोलो तो फिर से कर दूँ."

त्याने टाकी उचलून दारात नेली. ऊन चांगलं होतं. इकडून फिरवली, तिकडून फिरवली, डोळे बारीक करून बघितली. मला वाईट वाटू नये म्हणून का होईना, त्याने मनापासून शोधलं.

"कहाँ? मन्ने तो ना दिखता."

मी बोट ठेवून दाखवलं. त्याला तरीही दिसलं नाही. मग मी टाकी गाडीवर चढवली, नट आवळले, पाइप जोडला. त्याने किक मारली आणि मेट्रोच्या नव्या खांबांच्या बाजूने निघून गेला.

डाव्या अंगाला, नाना, गुडघा टेकतो त्याच्या चार बोटं वर. पाचव्या हाताला माझं मनगट वळलं तिथे एक पट्टा उठलाय, केसाएवढा. तुम्ही असतात तर गाडी फाटकाबाहेर जाऊच दिली नसतीत.